फोटोतल्या स्टेशनचं माप

प्रश्न : माझ्याकडे एचओ प्रमाणातली छोटी आगगाडी आहे आणि एका प्लायवर तिचे रूळ कायमचे बसवले आहेत. तयार मिळणारी स्टेशनं बहुतेक जर्मन नाहीतर अमेरिकन धाटणीची. मला हवं आहे माझ्या आजोळचं स्टेशन : दगडी भिंती, मंगलोरी कौलं आणि समोर मोकळा फलाट. त्याचे फोटो मोबाइलवर पुष्कळ आहेत, माप मात्र एकही नाही. एका फोटोत माझा भाऊ फलाटाच्या कडेला उभा आहे. त्याची उंची ठाऊक असल्याने तीच धरून सगळी मापं काढली आणि माउंट बोर्डचं स्टेशन केलं. ते इतकं बुटकं झालं, की एचओचा माणूस दारातून वाकूनच आत जाईल. छप्परही बसकं दिसतं. फोटोवरून नेमकी मापं खरंच काढता येतात का? आणि जी इमारत पाडून टाकली आहे, जिचा एखादाच जुना फोटो उरला आहे, तिचं काय करायचं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मापं काढता येतात, आणि वाटतात त्याहून बरीच नेमकी काढता येतात. त्यासाठी फोटो काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढं आधी नीट समजून घेऊ. दाराच्या किती पट भिंत लांब आहे, दोन खिडक्यांमधलं अंतर खिडकीच्या रुंदीच्या किती पट आहे, हे फोटो सांगतो. दार किती फुटी आहे, हे मात्र तो कधीच सांगत नाही. एक लांबी आपण प्रत्यक्ष मोजून त्याला पुरवायची. मग बाकीच्या लांब्या त्या आधाराने निघत जातात. पण निघतात त्या फक्त त्याच पातळीतल्या. भिंतीची लांबी मोजली असेल, तर भिंतीतल्या दारा-खिडक्यांची मापं मिळतील. भिंतीच्या पुढे उभा असलेला माणूस आणि मागे सरकत जाणारं छप्पर या हिशेबात बसत नाहीत.

तुमच्या स्टेशनचे दोन्ही दोष इथूनच आले आहेत. समजा, तुम्ही भिंतीपासून २० मीटरवरून फोटो काढला आणि भाऊ भिंतीच्या ४ मीटर पुढे उभा होता. म्हणजे कॅमेऱ्यापासून तो १६ मीटरवर. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून भिंतीच्या मानाने भाऊ सव्वापट मोठा दिसला. त्याची उंची तुम्ही भिंतीला लावली, त्यामुळे अख्खी इमारत एक पंचमांशाने खुजी झाली. २.१ मीटरचं दार हिशेबात १.६८ मीटरचं झालं. १:८७ प्रमाणात ते २४.१ मिलिमीटर असायला हवं होतं, ते १९.३ मिलिमीटर उतरलं. १.७ मीटर उंचीचा माणूस याच प्रमाणात १९.५ मिलिमीटर होतो. तो वाकूनच आत जाणार! भाऊ भिंतीला पाठ टेकून उभा असता, तर हा घोटाळा झाला नसता.

ही विद्या आली कुठून?

फोटोवरून इमारत मोजायची पद्धत छंदातून जन्माला आलेली नाही. १८५८ साली जर्मनीत आल्ब्रेख्त मायडेनबाउअर या तरुण स्थापत्यकाराला वेट्झलार इथल्या कथीड्रलची मोजणी करण्याचं काम मिळालं होतं. तेव्हाची रीत म्हणजे उंचावर चढून, हाताने मापं घेणं. त्यात एकदा तो वरून पडता पडता वाचला. त्या प्रसंगानंतर त्याच्या मनात आलं, की जिवावर उदार होऊन भिंतीवर चढण्यापेक्षा भिंतीचं चित्र खाली आणून त्यावर का मोजू नये? फ्रान्समध्ये एमे लॉसदा हा लष्करी अधिकारी जमिनीच्या मोजणीसाठी याच दिशेने प्रयोग करत होता. मायडेनबाउअरने पुढे मोजणीसाठी खास कॅमेरे तयार करवून घेतले. १८८५ साली बर्लिनमध्ये त्याच्या पुढाकाराने वास्तूंच्या मोजणीछायाचित्रांची सरकारी संस्था उभी राहिली. तिथे हजारो काचेच्या प्लेटा जमल्या. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या इमारतींच्या डागडुजीला त्या प्लेटांचा उपयोग झाला.

या शास्त्राला आता फोटोग्रामेट्री म्हणतात. आपण टेबलावरच्या स्टेशनसाठी करणार ते याच शास्त्राचं साधं रूप. कॅमेऱ्याची जागा माहीत असावी, मोजायच्या वस्तूची पातळी माहीत असावी आणि निदान एक लांबी खात्रीची असावी, हे नियम दोन्हीकडे सारखेच.

कोणत्या आकड्याने भागायचं?

मापं काढण्याआधी प्रमाण पक्कं करा. एचओ म्हणजे एका फुटाला ३.५ मिलिमीटर, अर्थात १:८७. ब्रिटनमध्ये रूढ असलेलं ओओ म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर, १:७६. एन हे त्याहून लहान, सर्वसाधारणपणे १:१६०. एचओ आणि ओओ दोन्ही १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावतात, म्हणून नवख्याचा गोंधळ होतो.

आपल्याकडे त्यात आणखी एक पेच आहे. १६.५ मिलिमीटर हे अंतर युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांचं १:८७ रूप. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये तो १९.३ मिलिमीटर होतो. मग १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर भारतीय ब्रॉडगेज तंतोतंत बसायचा असेल तर प्रमाण काय हवं? फुटाला ३ मिलिमीटर. साडेपाच फुटांचे बरोबर १६.५ मिलिमीटर होतात! पण त्या प्रमाणात गाड्या आणि माणसं मिळणं अवघड. तुमची गाडी १:८७ ची आहे. डब्याचं दार आणि स्टेशनचं दार एकमेकांशेजारी दिसणार आहेत. म्हणून इमारतीलाही १:८७ च धरा. रुळांतला तो पावणेतीन मिलिमीटरचा फरक डोळ्याला फारसा खटकत नाही, दारांतला लगेच खटकतो. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी उभं केलेलं हे प्रदर्शन १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. या आकारात इमारत आणि गाडी एकमेकांना कशी शोभतात, हे पाहायला तिथे जरूर जा.

फोटो कसा काढावा?

आजोळचं स्टेशन उभं असेल, तर नवे फोटो काढा. उत्तम जागा म्हणजे समोरचा फलाट. इमारतीच्या अगदी मध्यासमोर उभे राहा, भिंत डावी-उजवीकडे सारखी दिसली पाहिजे. मोबाइलच्या पडद्यावर जाळीच्या रेघा लावता येतात, त्या लावून जोत्याची कड आडव्या रेघेला समांतर ठेवा. आढं चौकटीत यावं म्हणून मोबाइल वर कलवू नका, कलवलात की भिंती वर निमुळत्या होतात. त्यापेक्षा मागे सरका. सगळं आवाक्यात आणणारं अतिरुंद भिंग वापरू नका, त्यात कडेच्या रेघा वाकतात. दुप्पट झूम लावून लांबून काढलेला फोटो मोजणीला सर्वांत चांगला.

लांबून काढण्याचा फायदा हिशेबाने पाहा. भिंतीच्या अर्धा मीटर पुढे आलेली वस्तू १० मीटरवरून सुमारे पाच टक्के मोठी दिसते. ३० मीटरवरून दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणून खिडकीवरचा छज्जा, खांब, वळचण यांचे घोळ अंतर वाढवलं की आपोआप आटोक्यात येतात.

ढगाळ दिवस निवडा. उन्हात वळचणीची सावली दाराच्या चौकटीची वरची कड गिळून टाकते, आणि नेमकी तीच कड आपल्याला हवी असते. इमारत लांब असेल तर तिच्याशी समांतर सरकत, एकमेकांवर थोडे चढणारे तीन-चार फोटो घ्या. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींचेही समोरून फोटो घ्या. पादचारी पूल असेल, तर त्यावरून छपराचा एक फोटो हवाच. कौलांच्या ओळी आणि मागची बाजू त्यात कळते.

एक कळकळीची सूचना. स्टेशन मास्तरांना आधी भेटा, कशासाठी फोटो हवेत ते सांगा. मागचा कोन मिळावा म्हणून रुळांत उतरू नका. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचा जीव.

मोठं मोजा, लहान काढा

आता टेप. पुष्कळ जण दार मोजतात आणि त्यावरून भिंत काढतात. उलट करा. कारण हिशेबातच आहे.

समजा, फोटोत दाराची उंची ४२० पिक्सेल भरली आणि दार २१०० मिलिमीटरचं आहे. एक पिक्सेल म्हणजे ५ मिलिमीटर. भिंत १८६० पिक्सेल असेल तर ती ९३०० मिलिमीटर, म्हणजे ९.३ मीटर. ८७ ने भागा : मॉडेलमध्ये १०६.९ मिलिमीटर. झकास! पण चौकटीची कड नेमकी कुठे संपते, हे धूसर असल्याने तुमची १० पिक्सेलची चूक झाली, तर ती ४२० मधली १०, म्हणजे जवळपास अडीच टक्के. ती भिंतीवर पसरली की मॉडेलमध्ये अडीच मिलिमीटर.

आता भिंत टेपने ९.३ मीटर मोजली आहे असं धरा. तीच १० पिक्सेलची चूक १८६० मध्ये झाली, तर ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तिचा दारावर परिणाम खऱ्या मापात ११ मिलिमीटर, मॉडेलमध्ये मिलिमीटरचा आठवा हिस्सा. कटरच्या पात्याची वाटसुद्धा त्याहून रुंद असेल. म्हणून फोटोतली सर्वांत लांब गोष्ट टेपने मोजा आणि लहान गोष्टी फोटोवरून काढा.

टेप धरायला संधी एकदाच मिळणार असेल, तर तीन मापं आधी घ्या : दर्शनी भिंतीची लांबी, बाजूच्या भिंतीची रुंदी आणि जोत्यापासून वळचणीपर्यंतची उंची. उंचीला टेप पोचत नसेल, तर दर १० सेंटिमीटरवर काळा-पांढरा पट्टा रंगवलेली दोन मीटरची काठी भिंतीला टेकवून उभी करा आणि फोटो घ्या. काठी भिंतीलाच टेकलेली हवी, नाहीतर तुमच्या भावाचीच गोष्ट पुन्हा होईल. आडवं आणि उभं अशी दोन्ही मापं असणं फार महत्त्वाचं आहे, कारण तिरका आलेला फोटो संगणकावर सरळ करताना रेघा सरळ होतात, पण इमारत किंचित ताणली किंवा दबली जाते. लांबी आणि उंची दोन्ही ठाऊक असली, की तो ताण काढून टाकता येतो. गिम्पसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये हे काम सहज होतं.

दुरूनच मोजायची वेळ आली, तर उपग्रहाच्या नकाशावर लांबी मोजण्याची सोय असते. तिथे दिसते ती छपराची कड, भिंत दिसत नाही. दोन्ही बाजूंची वळचण वजा केल्याशिवाय तो आकडा वापरू नका.

छप्पर बसकं का होतं?

छपराचं पाखं आपल्यापासून मागे कलत जातं. समोरच्या फोटोत त्याची दिसते ती फक्त उभी उंची, उताराची लांबी नव्हे. समजा, वळचणीपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर ३ मीटर आणि आढं वळचणीहून २ मीटर उंच आहे. पायथागोरसने पाख्याची खरी लांबी सुमारे ३.६ मीटर निघते, मॉडेलमध्ये ४१.४ मिलिमीटर. समोरच्या फोटोवरून तुम्ही जास्तीत जास्त २ मीटर मोजले असते, म्हणजे २३ मिलिमीटर. प्रत्यक्षात त्याहूनही कमी मोजले जातात, कारण आढं भिंतीपेक्षा दूर असतं आणि आपण त्याच्याकडे खालून पाहत असतो.

म्हणून छपराचं माप समोरच्या फोटोवरून कधीही घेऊ नका. बाजूच्या त्रिकोणी भिंतीचा फोटो घ्या, तिची मोजलेली रुंदी आधाराला धरा, त्रिकोणाची उंची काढा आणि पाख्याची लांबी हिशेबाने काढा. वळचण भिंतीच्या पुढे किती आली आहे, तेही याच फोटोत दिसतं. मग कौलांच्या ओळी मोजा. मंगलोरी कौल हाताशी मिळालं, तर दोन ओळींमधलं अंतर प्रत्यक्ष मोजून ओळींच्या संख्येने गुणा. पाख्याची लांबी हिशेबाशी जुळली, तर छप्पर पक्कं झालं.

कागदावर आणताना

मापं हाती आली की फोटोच योग्य आकारात छापून घेणं सोयीचं. इंकस्केपमध्ये फोटो आणा, रुंदी-उंचीचं कुलूप लावा आणि भिंत १०६.९ मिलिमीटर होईल असा आकार द्या. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा, छपाई शंभर टक्क्यांवर ठेवा. शेजारी १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि छापून आल्यावर पट्टीने मोजा. ती ९७ भरली तर प्रिंटरने फोटो लहान केला आहे.

संगणक नको असेल तर झेरॉक्सचं दुकान पुरेसं आहे. हवी असलेली लांबी भागिले छापील फोटोतली लांबी, गुणिले शंभर. फोटोत भिंत १४२ मिलिमीटर आहे आणि हवी १०६.९, तर ७५ टक्क्यांवर प्रत मागा. अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक पडेल, तो चालतो.

ही प्रत नकाशा म्हणून वापरा. तीच भिंतीवर चिकटवून रंगकाम टाळावंसं वाटेल, पण त्यात खिडक्या चित्रासारख्या सपाट दिसतात. जुन्या दगडी भिंती दीड फूट जाडीच्या असतात. १:८७ मध्ये ती जाडी पाच मिलिमीटर होते. म्हणून खिडकी कापून काढा, माउंट बोर्डचे थर देऊन भिंत जाड करा आणि चौकट आत बसवा. इमारत खरी वाटते ती या आतल्या सावलीमुळे.

आणखी एक गोष्ट मन मोकळं ठेवून स्वीकारा. सगळंच प्रमाणात आणायला घरात जागा नसते. २४ डब्यांची आजची गाडी साधारण ५७६ मीटर लांब. तिला पुरेल असा फलाट १:८७ मध्ये साडेसहा मीटरहून लांब होईल. इमारतही मोठी वाटली, तर सहा खिडक्यांच्या जागी चार ठेवा, पण राहिलेली प्रत्येक खिडकी आणि दार पूर्ण मापाचं असू द्या. लांबी कमी केलेली डोळा माफ करतो. दार खुजं झालं, की शेजारचा माणूस लगेच त्याची चहाडी करतो.

इमारत पाडली गेली असेल तर?

हा तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न. इथे टेप नाही, म्हणून फोटोतच साक्षीदार शोधायचे, आणि एकावर विसंबून न राहता दोघा-तिघांची साक्ष जुळते का ते पाहायचं.

पहिला साक्षीदार रूळ. ब्रॉडगेजचं १६७६ मिलिमीटर अंतर हे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं. रुळाच्या दिशेने पाहत काढलेल्या फोटोत इमारतीच्या दर्शनी कोपऱ्याच्या बरोबर समोर, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच खोलीवर, रुळांमधलं अंतर फोटोत मोजा. त्या कोपऱ्याची उंची त्याच मोजाने काढता येते. खोली चुकली की हिशेब चुकला. फोटो कोणत्या काळातला, हेही तपासा. कुर्डुवाडीवरून जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ ७६२ मिलिमीटरचे होते, आज त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे. जुन्या फोटोला आजचं अंतर लावलं, तर स्टेशन २.२ पट मोठं होईल! फलाटाच्या उंचीचंही तसंच. आजचे उंच फलाट रुळांच्या पातळीपासून ७६० ते ८४० मिलिमीटरचे असतात, पण जुन्या फोटोतले अनेक फलाट जमिनीशी जवळपास सपाट असत.

दुसरा साक्षीदार क्षितिज. हा फार सुंदर आहे. फलाटाची कड आणि वळचण या प्रत्यक्षात समांतर असलेल्या रेघा फोटोत पुढे वाढवा. त्या जिथे मिळतात, तिथून एक आडवी रेघ काढा. ही क्षितिजरेघ कॅमेऱ्याच्या उंचीवर असते, आणि त्याच सपाटीवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला, जवळच्या खांबाला आणि दूरच्या भिंतीलाही, ती जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर छेदते. छायाचित्रकार फलाटावर उभा होता आणि कॅमेरा दीड मीटरवर होता असं धरलं, तर कोपऱ्यावर जमिनीपासून त्या रेघेपर्यंतचा भाग दीड मीटर. वळचण त्याच्या २.४ पट उंचीवर असेल, तर ती ३.६ मीटर. कॅमेऱ्याच्या उंचीचा अंदाज १० सेंटिमीटरने चुकला, तर निकाल सहा-सात टक्क्यांनी हलतो, म्हणूनच हा एकटा साक्षीदार पुरत नाही.

तिसरा साक्षीदार बांधकामाचं साहित्य. वीट दिसत असेल तर थर मोजा. विटेचं माप प्रदेशाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतं, म्हणून पुस्तकातल्या मापापेक्षा त्याच भागातल्या, त्याच काळातल्या उभ्या इमारतीवर सलग दहा थर टेपने मोजा आणि दहाने भागा. नालीदार पत्रा असेल, तर जुन्या जस्ताच्या पत्र्याच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर बहुधा तीन इंच असतं. दगडी बांधकामात थर कमी-जास्त असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

फोटो तिरका असेल, तर दारा-खिडक्यांच्या जागा कर्णांनी शोधा. भिंतीच्या चारही कोपऱ्यांना जोडणारे दोन कर्ण काढा. ते छेदतात तो भिंतीचा खरा मध्य, फोटोत तो कडेला सरकलेला दिसला तरी. त्या बिंदूतून उभी रेघ काढली की भिंतीचे दोन अर्धे मिळतात. प्रत्येक अर्ध्याचे पुन्हा कर्ण काढा, पाव भाग मिळतात. तिकिटाची खिडकी मध्यावर आहे की पावावर, हे अशा रीतीने संगणकाशिवाय, पेन्सिल आणि पट्टीने कळतं. रूळ, क्षितिज आणि वीट या तिघांची उत्तरं पाच टक्क्यांच्या आत जुळली, तर निर्धास्तपणे कापायला घ्या. एखादं फार वेगळं निघालं, तर त्याच्या पातळीत किंवा काळात गफलत आहे. सरासरी काढून ती झाकू नका, शोधून काढा.

तुमच्या हातात जे आहे ते

शेवटी तुमच्या आजोळच्या स्टेशनबद्दल. ते उभं असेल, तर मॉडेल पुढच्या वर्षी केलंत तरी चालेल, मोजणी मात्र लांबणीवर टाकू नका. अमृत भारत स्टेशन योजनेत ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच दिवशी ५०८ स्टेशनांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. प्रवाशांच्या सोयी वाढायलाच हव्यात. पण या कामांत लहान गावांच्या काही जुन्या इमारती बदलतील, काही जातील, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींचं मोजमाप कोणा सामान्य माणसाच्या हाती लागेल असं कुठे ठेवलेलं नाही. मायडेनबाउअरने कथीड्रलांसाठी जे केलं, ते घाटाखालच्या किंवा खानदेशातल्या एका लहान दगडी स्टेशनसाठी तुमच्यासारख्या छंदिष्टालाच करता येईल. त्याला लागतो एक मोबाइल, एक टेप आणि स्टेशन मास्तरांची परवानगी.

फोटोंच्या फाइलींच्या नावांत स्टेशन, बाजू आणि तारीख लिहा. दर्शनी भिंतीची टेपने मोजलेली लांबी, बाजूची रुंदी आणि वळचणीची उंची एका कागदावर लिहून त्या कागदाचाही फोटो त्यांच्याबरोबर ठेवा. एक प्रत घरातल्या धाकट्या कोणाकडे तरी द्या. त्या तीन आकड्यांमुळे तो फोटो कोणालाही वापरता येईल असा नकाशा होतो. उद्या दुसऱ्या कोणाला ते स्टेशन १:७६ किंवा १:१६० मध्ये करावंसं वाटलं, तर त्यालाही त्याच आकड्यांवरून सुरुवात करता येईल.